तडा गेलेला काचेचा फिश टँक: दुरुस्ती करावी, काच बदलावी की वेगळा उपयोग करावा?

निळाशार

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीची बदली नागपूरला झाली आणि तिचा काचेचा फिश टँक पुण्यात माझ्याकडे आला. टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. काच सर्वत्र सहा मिलिमीटर जाडीची असून चारही उभ्या काचा तळाच्या काचेवर बसवलेल्या आहेत. डावी आणि उजवी काच पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये आहे, आणि वरच्या कडेला आतून दोन इंच रुंदीच्या काचपट्ट्या चिकटवलेल्या आहेत. टेम्पोतून उतरवताना मागच्या काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला धक्का बसला. तिथून निघालेला तडा तिरका वर गेला असून साधारण वीतभर लांब आहे. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून नख फिरवले की तो जाणवतो. इतर काचा निर्दोष आहेत.

मला आतापर्यंत तीन सल्ले मिळाले आहेत. जवळच्या दुकानदाराने तड्यावर सिलिकॉन (काचा जोडायचा, घट्ट झाल्यावर रबरासारखा होणारा चिकट लेप) मारून देण्याची तयारी दाखवली. एका परिचितांनी आतून काचेचा तुकडा चिकटवण्यास सांगितले. तिसरा सल्ला टाकी टाकून देण्याचा आहे आणि तो मला मुळीच पटत नाही, कारण पाचांपैकी चार काचा उत्तम स्थितीत आहेत, आमच्या भागातील भंगारवाले काच घेत नाहीत, आणि कचऱ्यात टाकलेल्या काचेने सफाई करणाऱ्यांचे हात कापतात. शक्य असेल तर टाकीत मासेच ठेवायचे आहेत. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे टाकी फुटली तर त्याचा त्रास खालच्या कुटुंबालाही होईल, हेही विचारात घ्यावे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

काचकारागीर

आपण टाकीची रचना आणि तड्याची जागा दोन्ही नेमकी सांगितल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. आमचे कोल्हापुरात काचेचे दुकान आहे. वडिलांच्या काळात लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टी भरून टाक्या बनत, तेव्हापासून हे काम घरात आहे.

काचेला झालेली इजा तीन प्रकारची असते आणि तिन्हींचा विचार वेगळा करावा लागतो. ओरखडा केवळ पृष्ठभागावर असतो; तो खोल नसेल तर टाकी वापरता येते. टवका म्हणजे कडेचा किंवा कोपऱ्याचा लहान तुकडा उडालेला असणे. तो जोडापर्यंत पोहोचला नसेल आणि त्यातून रेष पुढे गेली नसेल, तर बहुतेक वेळा धोका नसतो. तडा मात्र आरपार असतो आणि तो जिथे संपलेला दिसतो तिथे थांबेलच असे नाही. आपल्या टाकीचा तडा पाण्याचा जोर सहन करणाऱ्या उभ्या काचेत, तिच्या खालच्या भागात आणि थेट जोडापासून सुरू होणारा आहे. अशा काचेवर पाणी भरून मासे ठेवायचे असतील तर ती काच बदलणे हाच एक मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तड्यावर सिलिकॉन मारणे ही दुरुस्ती नव्हे. सिलिकॉन दोन कडांमधील फटीत भरले की काम करते, आणि तड्यात त्याला शिरण्याइतकी जागाच नसते. ते वरच्या वर बसते, गळती काही काळ थांबवते आणि काच सरकली की सुटते.

तोपर्यंत दोन गोष्टी पाळाव्यात. गळते का हे पाहण्यासाठी टाकीत पाणी अजिबात भरू नये. तसेच तड्यावर दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे हलवाहलवीत तुकडा निखळला तरी हातावर पडणार नाही. तडा जाऊनही काच उभी आहे, त्यावरून ती टफन्ड (उष्णता देऊन मजबूत केलेली) नसून साधी काच आहे हे निश्चित होते. टफन्ड असती तर त्याच धक्क्याने तिचा चुरा झाला असता.

पदार्थविज्ञान

काचकारागीर यांच्या मताला आकड्यांची जोड देतो, कारण या विषयात अंदाजापेक्षा हिशेब उपयोगी पडतो.

एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. टाकी सुमारे ५.६ घनफुटांची आहे, म्हणजे काठोकाठ भरली तर तिच्यात १५९ लिटर, अर्थात १५९ किलो पाणी मावेल. हे सगळे वजन तळावर येते. मागच्या काचेवर येणारा जोर मात्र या वजनावर ठरत नाही. तो त्या काचेची लांबी आणि पाण्याची उंची एवढ्यावरच ठरतो. टाकी सव्वा फुटाऐवजी पाच फूट रुंद असती तरी मागच्या काचेवरील जोर तेवढाच राहिला असता. पाण्याचा दाब पृष्ठभागाशी शून्य आणि तळाशी सर्वाधिक असतो, त्यामुळे एकूण जोर काढताना उंचीचा वर्ग येतो. या टाकीसाठी तो जोर सुमारे ९५ किलो वजनाइतका होतो, आणि त्याचे केंद्र तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे १५ सेंटिमीटरवर असते. आपला तडा नेमका त्याच पट्ट्यात आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू पुनर्वापरासाठी महत्त्वाची आहे. पाणी निम्म्या उंचीपर्यंतच भरले तर जोर निम्मा होत नाही, तो एक चतुर्थांश होतो. म्हणजे ९५ वरून सुमारे २४ किलोंवर येतो. एक तृतीयांश उंचीपर्यंत भरले तर तो एक नवमांश राहतो.

आता तड्याविषयी. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले, की काच तिच्या रेणूंच्या बंधांवरून अपेक्षित असते त्याहून कितीतरी कमी ताणाला तुटते, आणि याचे कारण तिच्यातील बारीक भेगा हे आहे. भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. भेग चौपट लांब झाली की ती पुढे सरकण्यासाठी लागणारा ताण निम्म्यावर येतो. याचा अर्थ तडा जितका वाढतो तितका पुढे वाढणे त्याला सोपे होते. त्यात पाण्याची भर पडते. ताणाखाली असलेल्या भेगेच्या टोकाशी पाण्याचे रेणू काचेतील सिलिकॉन (हे मूलद्रव्य, जोडाला लावायचे सिलिकॉन नव्हे) आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध तोडण्यास मदत करतात, त्यामुळे भेग अतिशय मंद गतीने सरकत राहते. टाकी भरल्यावर पहिले काही आठवडे काहीही न घडता एखाद्या रात्री काच अचानक फुटते, त्याचे स्पष्टीकरण हेच आहे. म्हणून ‘भरून पाहिली, गळत नाही’ ही चाचणी तडा असलेल्या काचेला लागू पडत नाही.

सागरिका

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर ठेवून मी वेगळा अनुभव मांडते. माझ्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी आहे. तिच्या तळाला तडा गेला होता. तळाच्या आतल्या मापाची पूर्ण काच कापून आणली, सिलिकॉनचा सलग थर देऊन ती आतून तळावर बसवली आणि कडेने जोड भरून घेतला. अनेक वर्षे त्या टाकीत मासे आहेत आणि थेंबभरही गळती नाही. त्यामुळे आतून काच लावणे सरसकट चुकीचे आहे असे मला वाटत नाही. शिवाय काच बदलण्यासाठी जुने जोड कापावे लागतात, आणि त्या खटपटीत चांगल्या काचांनाही इजा होण्याची शक्यता असते.

काचकारागीर

सागरिकाताई, आपण केलेले काम योग्यच आहे, आणि ते का टिकले हे समजून घेतले तर निळाशार यांच्या टाकीतील फरकही लक्षात येईल. आपला तडा तळाला होता. तळाची काच स्टँडवर सर्वत्र टेकलेली असेल तर पाण्याचे वजन ती फक्त खाली पोहोचवते. तिला वाकावे लागत नाही. त्यावर आपण पूर्ण मापाची दुसरी काच घातली, म्हणजे प्रत्यक्षात नवा तळच बसवला. जुनी काच आता केवळ खालचा आधार आहे.

उभ्या काचेला मागून कशाचाच आधार नसतो. ती पाण्याच्या जोराने बाहेरच्या बाजूला किंचित फुगते आणि तो ताण तिने स्वतःच सोसायचा असतो. तिथे तड्यापुरता काचेचा तुकडा लावला तर मधले सिलिकॉन रबरासारखे लवचीक असल्याने तुकडा तड्यावरचा ताण फारसा उचलत नाही. गळती थांबते आणि तडा तुकड्याखाली वाढत राहतो. उभ्या काचेला आतून आधार द्यायचाच असेल तर तो चारही कडांपर्यंत जाणाऱ्या, मूळ काचेइतक्याच जाड काचेचा द्यावा लागेल. तेवढी काच विकत आणायची असेल तर ती मूळ जागीच का बसवू नये?

जोड कापताना चांगल्या काचांना इजा होण्याची भीती मात्र रास्त आहे. घाई केली तर तसे होते.

प्रवासी_मन

मोटारीच्या पुढच्या काचेला तडा गेल्यावर त्यात राळ भरून अतिनील दिव्याने घट्ट करतात. तसे इथे करता येईल का? तसेच लोखंडी पत्र्यातील भेग थांबवण्यासाठी तिच्या टोकाला भोक पाडतात, तो उपाय काचेला चालेल का?

पदार्थविज्ञान

दोन्ही उपाय आपापल्या जागी योग्य आहेत, पण इथे ते लागू पडत नाहीत. मोटारीची पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली असते. तडा साधारणतः बाहेरच्या थरात असतो आणि उरलेले दोन थर काच धरून ठेवतात. शिवाय तिच्यावर दिवसरात्र एकाच दिशेने पाण्याचा जोर नसतो. राळेमुळे रेष कमी दिसेल, पण ९५ किलोंचा जोर त्या राळेच्या भरवशावर सोडता येणार नाही.

धातूतील भेगेच्या टोकाला भोक पाडल्याने टोक बोथट होते आणि ताण पसरतो. काचेतील तड्याचे खरे टोक डोळ्याला दिसते त्याच्याही पुढे असू शकते, आणि भोकाच्या कडेला ड्रिलमुळे पडणारे सूक्ष्म टवके नव्या भेगांचे उगमस्थान ठरतात.

निळाशार

सर्वांचे आभार. काच बदलण्याचा निर्णय मी घेतला आहे. आता सिलिकॉन कोणते घ्यावे आणि काम कोणत्या क्रमाने करावे, हे सविस्तर कळले तर बरे होईल. हार्डवेअरच्या दुकानात एकाच कंपनीच्या चार-पाच प्रकारच्या ट्यूब दाखवतात आणि सगळ्याच ‘काचेला चालतील’ असे सांगतात.

रसायनशाळा

काचेला चालणे आणि माशांना चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशी धरू नये म्हणून बुरशीनाशक मिसळलेले असते. ते हळूहळू पाण्यात उतरते आणि माशांना घातक ठरते. त्यामुळे ट्यूबवर ‘सॅनिटरी’, ‘बाथरूम’ किंवा ‘अँटी-फंगल’ असे काही लिहिले असेल तर ती घेऊ नये. शंभर टक्के सिलिकॉन असलेली आणि मत्स्यालयासाठी योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेली ट्यूबच घ्यावी. ट्यूबवरील मुदतीची तारीख जरूर पाहावी. मुदत उलटलेले सिलिकॉन नीट घट्ट होत नाही.

टाक्यांसाठी बहुधा जे सिलिकॉन वापरतात ते घट्ट होताना ॲसेटिक आम्ल सोडते, म्हणून व्हिनेगरचा उग्र वास येतो. काम करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पूर्ण घट्ट झाल्यावर वास जातो आणि मग माशांना त्यापासून धोका उरत नाही.

सिलिकॉन वाळत नाही. हवेतील बाष्प शोषून ते रासायनिक क्रियेने घट्ट होते. त्यामुळे कोकणातील दमट हवेत ते लवकर धरते, तर विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. वरची साय दहा ते वीस मिनिटांत धरते, परंतु आतपर्यंत घट्ट होण्याचा वेग चोवीस तासांत दोन ते तीन मिलिमीटर एवढाच असतो. काचांच्या मधल्या जोडात हवा फक्त कडेने पोहोचते, म्हणून बाहेरून कोरडे वाटले तरी सबंध आठवडा टाकीला पाणी लावू नये.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की नवे सिलिकॉन जुन्या घट्ट झालेल्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. काचेला मात्र उत्तम चिकटते. दुरुस्त केलेल्या ज्या टाक्या पुन्हा गळतात, त्यांतील बऱ्याच टाक्यांत जुन्या सिलिकॉनचा पातळ पापुद्रा काचेवर तसाच राहिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तो ओळखण्याची सोपी रीत म्हणजे काचेवर थोडे पाणी सोडावे. स्वच्छ काचेवर पाणी पसरते. सिलिकॉनचा अंश असेल तिथे त्याचे गोल थेंब होतात. तिथे पुन्हा ब्लेड चालवावे. ॲसिटोनने पापुद्रा विरघळत नाही. ते शेवटी तेलकटपणा पुसण्यासाठी वापरायचे असते. नखांचे रंग काढण्याच्या द्रवात तेल आणि सुगंध असतो, म्हणून ॲसिटोनऐवजी तो वापरू नये.

काचकारागीर

आता कामाचा क्रम सांगतो. जाड हातमोजे आणि डोळ्यांना चश्मा घातल्याशिवाय सुरुवात करू नये.

प्रथम मागच्या काचेचे माप घ्यावे, तेही जागेवर असतानाच, वर आणि खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन-दोन ठिकाणी. जुन्या टाक्या नेहमीच काटकोनात असतात असे नाही. नवी काच सहा मिलिमीटरचीच घ्यावी. अनेकांना वाटते, की बदलतोच आहोत तर आठची घालू. पण आपल्या टाकीत काच तळाच्या काचेवर उभी आहे आणि आठची काच तळाच्या बाहेर दोन मिलिमीटर लोंबत राहील. या मापाच्या टाकीला वरच्या पट्ट्या नसत्या तर मी आठचीच काच सुचवली असती. पट्ट्या आहेत म्हणून सहाची पुरते. जुन्या कारागिराला ‘दोन सूत’ म्हणून सांगितले तरी त्याला कळेल. काच साडेचार चौरस फूट लागेल आणि दर चौरस फुटावर असतो. कडा मशीनवर घासून घ्याव्यात. न घासलेली कड हात कापते आणि पुढच्या तड्याला जन्मही देते.

त्यानंतर टाकी जाड सतरंजीवर पुढच्या काचेवर आडवी करावी, म्हणजे मागची काच वर येईल. तड्यावरची चिकटपट्टी तशीच राहू द्यावी. लांब पात्याच्या ब्लेडने आतली सिलिकॉनची पट्टी आधी खरवडून काढावी. मग दोन काचांच्या मधल्या जोडात बारीक पोलादी तार घालून, ती दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढत जोड कापत न्यावा. तारेच्या टोकांना लाकडी मुठी बांधल्या तर बोटे वाचतात. वरची काचपट्टी मागच्या काचेलाही चिकटलेली असणार, तो जोड विसरू नये. तो तसाच ठेवून काच उचलली तर पट्टी मोडते. काच कुठेही पहारीने किंवा पेचकसाने उचकटू नये. सागरिकाताईंनी सांगितलेली इजा होते ती याच वेळी.

जोड कापून झाला, की दोघांनी मिळून काच उचलावी. आता उरलेल्या कडांवरचे जुने सिलिकॉन रसायनशाळा यांनी सांगितल्याप्रमाणे शेवटच्या कणापर्यंत काढायचे. या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो आणि दुरुस्तीचे यश यावरच अवलंबून असते. शेजारच्या काचांच्या कोपऱ्यातील आतली पट्टीही दोन-तीन इंच मागेपर्यंत काढावी, म्हणजे नवी पट्टी जिथे जुन्या पट्टीला भेटते तो सांधा कोपऱ्यापासून दूर राहील.

नवी काच आधी कोरडी बसवून पाहावी. जोडाच्या दोन्ही बाजूंनी काही मिलिमीटर सोडून कागदी चिकटपट्टी लावावी. मग दोन्ही बाजूच्या काचांच्या कडांवर, तळाच्या काचेवर आणि वरच्या पट्टीच्या कडेवर सिलिकॉनची सलग, न तुटणारी ओळ सोडावी. साय धरण्यापूर्वी काच बसली पाहिजे, म्हणून मदतनीस जवळ हवाच. काच सरळ खाली ठेवून सारखी दाबावी, पण सगळे सिलिकॉन बाहेर येईल इतकी जोरात दाबू नये. मध्ये साधारण एक मिलिमीटरचा थर राहिला पाहिजे. गुण्या लावून काटकोन तपासावा आणि चिकटपट्ट्यांनी काच जखडून ठेवावी. आतल्या कोपऱ्यात सिलिकॉनची पट्टी भरून ती ओल्या बोटाने एकाच ओढीत गुळगुळीत करावी आणि कागदी पट्टी लगेच काढावी.

पदार्थविज्ञान

एक शंका अनेकांच्या मनात येते, की एवढ्या पाण्याला हे रबरासारखे सिलिकॉन कसे पुरेल? मागच्या काचेचे खालचे आणि बाजूचे असे तीन जोड मिळून सुमारे १८३ सेंटिमीटर लांब आणि ०.६ सेंटिमीटर रुंद आहेत, म्हणजे क्षेत्रफळ ११० चौरस सेंटिमीटर होते. ९५ किलोंचा जोर त्यावर वाटला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोहूनही कमी ताण येतो. चांगले सिलिकॉन त्याच्या दहापटीहून अधिक ताण सहन करते. म्हणून स्वच्छ काचेवर केलेला जोड सहसा दगा देत नाही.

स्थापत्य_ठाणे

टाकी दुरुस्त होईल, पण ती कशावर ठेवणार, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. पाणी १५९ किलो, सहा मिलिमीटरच्या काचांचे वजन सुमारे २३ किलो, त्यावर वाळू, दगड आणि स्टँड धरले तर सहज दोनशे किलोंच्या पुढे जाते. हे वजन जेमतेम ०.३५ चौरस मीटर जागेवर येते. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोनशे किलोंचा भार गृहीत धरलेला असतो. तो सबंध खोलीभर पसरलेला असल्यामुळे एका टाकीने स्लॅबला धोका पोहोचत नाही, पण ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईजवळ, भिंतीलगत ठेवावी. जुन्या इमारतीच्या पुढे आलेल्या बाल्कनीत ती ठेवू नये.

स्टँडचा पृष्ठभाग पाणसळ लावून दोन्ही दिशांनी तपासावा. साधे प्लायवुड पावसाळ्यात ओल धरून फुगते आणि त्यावरची टाकी एका कोपऱ्यावर तोलली जाते, म्हणून पाण्याला टिकणारे प्लायवुडच वापरावे. टाकीला खाली प्लॅस्टिकची चौकट नसेल आणि तळाची काच थेट टेकणार असेल, तर मध्ये थर्मोकोलची जाड शीट घालावी. वाळूचा एखादा खडा खाली राहिला तरी तो थर्मोकोलमध्ये रुततो आणि काचेवर एकाच बिंदूत भार येत नाही. खाली चौकट असून तळ अधांतरी असणाऱ्या टाकीला मात्र थर्मोकोल घालू नये, कारण तेथे भार चौकटीवरच जायला हवा. विजेच्या तारा प्लगपाशी येण्याआधी खाली झोळ देऊन वर न्याव्यात, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी प्लगमध्ये शिरणार नाही.

गप्पीप्रेमी

ज्यांना काच बदलणे शक्य नाही त्यांच्यासाठी लिहितो. उंचीचा जो हिशेब वर दिला आहे, त्याचा थेट फायदा घेता येतो. तडा वरच्या भागात असेल आणि त्याचे टोक पाण्याच्या पातळीच्या बरेच वर राहत असेल, तर टाकी निम्मी किंवा त्याहून कमी भरून वापरता येते. गप्पी माशांना नऊ इंच खोल पाणी भरपूर होते, आणि तीन फुटी टाकीत तेवढ्या खोलीवरही सुमारे ऐंशी लिटर पाणी मावते. आपल्याकडे आरोग्य विभाग आणि महापालिका डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे देतात. सोसायटीच्या कारंज्यांत आणि उघड्या हौदांत सोडण्यासाठी घरच्या घरी त्यांची पैदास करता येते. मात्र हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील असल्याने नदी, ओढा किंवा तळ्यात कधीही सोडू नयेत. तिथल्या स्थानिक माशांना त्यांचा उपद्रव होतो.

निळाशार यांच्यासारखा तडा तळाशी असेल तर पाणी नकोच. अशी टाकी नेचे, शेवाळ आणि पेपेरोमियासारख्या सावलीतील झाडांसाठी वापरावी. खाली खडीचा थर, त्यावर जाळी आणि मग हलकी माती असा भर घालावा. माती तड्याच्या काचेशी उंच रचू नये, कारण ओली मातीही बाजूला दाब देते. तड्यावर आतून सिलिकॉनची पट्टी तिथे पुरते. तिला फक्त ओल अडवायची असते.

काचकारागीर

त्यात एक भर घालतो. काढलेली जुनी काचही टाकून देऊ नये. तडा वीतभरच आहे, म्हणजे उलट्या बाजूचा दोन फुटांचा भाग निर्दोष आहे. तड्यापासून भरपूर अंतर सोडून तेवढा भाग कापून घेतला तर त्यातून टाकीचे झाकण होते. उरलेला तुकडा वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत बांधून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहूनच कचरा नेणाऱ्यांच्या हातात द्यावा.

निळाशार

सर्वांना सांगण्यास आनंद होतो, की नवी काच बसली आहे. पाण्याच्या थेंबांची चाचणी फार उपयोगी पडली. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या काचेवर डाव्या कडेला थेंब गोळा होत होते आणि तिथे पुन्हा ब्लेड चालवावे लागले. सिलिकॉनला आठवडाभर वेळ दिला. त्यानंतर टाकी गच्चीवर सपाट जागी, खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरून ठेवली, कारण कागदावर थेंबाचाही डाग उमटतो. पाणी एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि मग पूर्ण, असे टप्प्याटप्प्याने भरले आणि प्रत्येक टप्प्यावर पूर्ण दिवस थांबलो. कागद कोरडा आहे.

एक शंका उरली आहे. मागच्या काचेच्या उजव्या जोडात, तळापासून चार बोटे वर, सिलिकॉनच्या आत हवेचा बुडबुडा दिसतो. तो मसुराच्या डाळीएवढा आहे आणि जोडाच्या बाहेरच्या कडेपासून दूर आहे. जोड पुन्हा उघडावा लागेल का?

काचकारागीर

उघडण्याची गरज नाही. एकटा, बंदिस्त बुडबुडा जोडाची ताकद फारशी कमी करत नाही. पाण्याकडील कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत जाणारी पोकळी असेल किंवा अनेक बुडबुडे ओळीने एकमेकांना जोडलेले असतील, तर मात्र पाणी वाट काढते आणि जोड उघडावाच लागतो. आपण बाहेरून काचेवर मार्करने त्या बुडबुड्याची कड आखून ठेवावी आणि टाकी आणखी आठवडाभर गच्चीवरच पूर्ण भरलेली ठेवावी. बुडबुडा रेषेच्या बाहेर गेला नाही आणि त्यात पाणी चमकताना दिसले नाही, तर पाणी पूर्ण उपसून, टाकी रिकामी करूनच खाली न्यावी. थोडेसे पाणी किंवा वाळू आत ठेवूनही ती उचलू नये, कारण उचलताना तळाची काच वाकते आणि नवा जोड पिळला जातो. पहिले पाणी टाकून द्यावे, टाकी धुऊन पुन्हा भरावी आणि मासे त्यानंतरच आणावेत.